संध्याकाळी बसणारा कॉम्प्युटर

माझ्या पवनीच्या घरमालकांच्या लेखी कॉम्प्युटर हे ढोर होतं. तसं ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत, पण वागायचे अगदी तसंच. सकाळी अंगण झाडून झालं की ते मधल्या खोलीत जात, टेबलाखालच्या कॅबिनेटच्या पाठीवर उलटा पंजा ठेवत आणि थोडा वेळ तसेच वाकून उभे राहत. मग बाहेर येऊन मला सांगत, "आज ताप नाही." कॉम्प्युटर त्या वेळी बंद असायचा. बंद कॉम्प्युटरला ताप कुठून येणार, हे मी सुरुवातीला त्यांना समजावून सांगत असे. पुढे मीही "बरं झालं" म्हणून मोकळा होऊ लागलो.

त्यांची सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर नव्हते ते. डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करायची, औषध पाजायचं आणि बिथरलेलं जनावर धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. पण डॉक्टर बदलून जायचे आणि हे तिथंच राहायचे, त्यामुळे पार आसगावपर्यंतचे लोक यांनाच डाक्टर म्हणत. निवृत्तीनंतरही कोणी ना कोणी फाटकाला सायकल टेकवून उभा असेच. "डाक्टर, गाय चारा खाऊन नाही राहिली." एवढं ऐकलं की हातातला घास ताटात ठेवून ते चपला शोधू लागत. मी त्यांना काकाजी म्हणायचो. ते मला मास्तर म्हणत, कारण मी बाजारातल्या एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवत होतो. माझं गाव तिकडे साकोलीजवळ एकोडी, रोजचं जाणं-येणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून पवनीत खोली शोधत होतो.

भाडेकरूला लोक आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, तेवढ्यानं भागलं नाही तर मामाचं आडनाव विचारतात. काकाजींनी यातलं काहीच विचारलं नाही. मी कॉम्प्युटर शिकवतो असं म्हटल्यावर ते खाटेवर सरसावून बसले.

"मधातच अटकणारा कॉम्प्युटर दुरुस्त होते का?"

"होतो की. हँग होतो का?"

"हँगबिंग मले नाही समजत. बसते."

मी हो म्हणालो आणि खोलीची किल्ली माझ्या हातात पडली.

त्यांचा हा 'बसते' शब्द समजायला मला वेळ लागला नाही. नांगराला जुंपलेला एखादा बैल धानाच्या भर बांधीत बसकण मारतो आणि मग शेपटी पिळा नाहीतर शिव्या द्या, ढिम्म हलत नाही. कॉम्प्युटरचं दुखणं त्यांनी त्याच जातीचं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळा इतिहास सांगितला. सकाळी बरा राहते, दुपारी अंग गरम होते, संध्याकाळी बसते. मी विचारलं की बसल्यावर तुम्ही काय करता?

"काही नाही करत. वाट पाह्यतो."

"बटण दाबून बंद करून पुन्हा सुरू करायचा ना."

"बसलेल्या ढोराले मारून उठवाचं नाही, मास्तर. त्याचा तो उठते."

या नियमाला त्यांच्याकडे अपवाद नव्हता. एकदा माझ्यासमोरच कॉम्प्युटर अटकला. पडद्यावर त्यांची मुलगी होती, अर्धं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हातात चहाचा कप. काकाजी त्या चित्रासमोर मांडी घालून शांत बसून राहिले. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन बटण दाबून धरलं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. त्या दिवशी तापाचा अहवालही आला नाही.

त्या कॉम्प्युटरवर त्यांचं पवनीत राहणं अवलंबून होतं, हे मला हळूहळू कळलं. काकू वारल्यावर मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली होती. ती तिथं नोकरीला, जावईही नोकरीला, घर कितव्या तरी मजल्यावर. काकाजी महिनाभर कसेबसे राहिले. रोज खाली उतरून फाटकाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांची चाल न्याहाळायचे. वॉचमनला म्हणे त्यांनी विचारलं होतं, "या पुऱ्या गल्लीत एक ढोर नाही, आन सकाळी एवढं दूध कुठून येते?" मग त्यांनी जेवण कमी केलं. मुलगी हुशार होती. भांडण न करता तिनं त्यांना परत आणून सोडलं, पण एक अट घातली. रोज संध्याकाळी सातला कॉम्प्युटरवर समोर बसून बोलायचं. तुम्ही बरे आहात हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ज्या दिवशी वाटेल की आता एकटं राहणं जमत नाही, त्या दिवशी मी येऊन घेऊन जाईन, तेव्हा वाद घालायचा नाही.

तिनं आधी मोबाईलही देऊन पाहिला होता. तो काकाजींनी एका अडलेल्या म्हशीच्या पायी धानाच्या तणसाच्या ढिगात हरवला आणि परत शोधायला गेले नाहीत. "मी कोठ्यात असलो त ढोराचा आहो. खिशात कोणी बोलाले नाही पायजे," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ताईनं (त्यांच्या मुलीला मी ताईच म्हणायचो) आपला कॉलेजातला जुना कॉम्प्युटर पुसून-पासून मधल्या खोलीत मांडला, वर कॅमेरा बसवला, वायफाय जोडून दिलं. काकाजींनी ही अट कराराच्या गांभीर्यानं पाळली. सातच्या आधी ते हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून खुर्चीत बसलेले असत. कोणाच्या गोठ्यातून निरोप आला तर निरोप आणणाऱ्याला बाहेर थांबावं लागे.

तर असा तो कॉम्प्युटर, आणि तो नेमका सातलाच बसायचा. मी उघडायला घेतला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. कॅबिनेट ओढून पाहतो तर त्याचं तोंड कूलरकडे. आमच्याकडे घरोघरी कूलर असतो, लोखंडी डबा, गवताच्या ताट्यांवर सांडणारं पाणी आणि ट्रॅक्टरसारखा आवाज. त्याच्यासमोरची जागा घरातल्या वडीलधाऱ्याची, नाहीतर पाहुण्याची. काकाजींनी ती जागा कॉम्प्युटरला दिली होती आणि स्वतः बाजूला घामाघूम होऊन बसत होते.

"काकाजी, याला कूलरसमोर काहून ठेवलं?"

"अंग गरम होते ना त्याचं."

"अहो, हवेबरोबर पाणी जातं ना आत."

"पाण्यानं कोणतं ढोर मेलं?"

आतली स्थिती पाहून मी कपाळाला हात लावला. घरामागे धानाची गिरणी आहे. तिचा कोंडा उडून सगळ्या आळीत बसतो, तसा या डब्यातही शिरला होता. त्यावर कूलरचं ओलं वारं. पंख्याच्या पात्यांवर, खालच्या जाळीवर, सगळीकडे भिंत लिंपावी तसा थर. रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशी. हा कॉम्प्युटर सुरू तरी कसा होतो, याचंच मला नवल वाटलं. मी ब्रशनं सगळा कोंडा काढला, क्लासमधल्या पोराचं खोडरबर आणून रॅम घासली, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली आणि कॅबिनेट दुसऱ्या कोपऱ्यात, कोरड्यात, विटांवर ठेवलं. काकाजी पूर्ण वेळ शेजारी उकिडवे बसून होते. अधूनमधून त्यांचा हात आपोआप कॅबिनेटवर जाई. जनावर धरून ठेवायची सवय हाताला राहिली असावी.

मग कॉम्प्युटर सुरू केला. दोन खिडक्यांत व्हिडिओ लावले, वर आणखी काहीबाही उघडलं. तो काही अटकला नाही.

"झाला बरा," मी म्हणालो. कॉलर ताठ करायचीच राहिली होती.

"पुन्हा नाही बसणार?"

"नाही."

"कवाच नाही?"

"गॅरंटी देतो काकाजी."

 मला वाटलं होतं, निदान पाठीवर थाप मारतील, चहा तरी होईल. ते कोपऱ्यातल्या त्या कॅबिनेटकडे बघत राहिले. मग उठले आणि टेकडीकडे फिरायला निघून गेले. पवनीत जुन्या स्तूपाची टेकडी आहे, तिथं ते रोज सकाळी जात. संध्याकाळी गेलेले मी तेव्हाच पाहिले.

पुढचे काही दिवस बरे गेले. सातला ताईचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येई. काकाजींची उत्तरं तुटक असत. पूर्वी ते गावभरच्या ढोरांच्या कथा तिला सांगत. आता "हो", "जेवलो", "तू सांग" एवढंच. मला वाटलं, कॉम्प्युटर धड झाला आणि गप्पांची चवच गेली, अशीही माणसं असतात.

आणि मग तो पुन्हा अटकू लागला. मी घरी आलो की काकाजी सांगत, "आज बसला." उद्या पुन्हा तेच. माझ्या गॅरंटीचे धिंडवडे निघाले. मी सुट्टीच्या दिवशी ठाण मांडून बसलो. रॅम काढून पुन्हा बसवली, व्हायरस शोधला, वायफायचा डबा बदलून पाहिला, भंडाऱ्याच्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, मदरबोर्ड गेला असेल. मदरबोर्ड गेला असता तर दुपारी तासन्‌तास सिनेमा कसा चालला असता? दुपारी तो मुळीच अटकत नव्हता. काकाजींना याचं काही सोयरसुतक नव्हतं. पूर्वी शेजारी बसून राहणारा हा माणूस आता मी कॅबिनेट उघडलं की अंगणात निघून जाई. सकाळचा तापही पाहणं त्यांनी बंद केलं होतं. मला हे विचित्र वाटलं, पण मी माझ्याच अब्रूच्या काळजीत होतो.

एक दिवस क्लासवर ताईचा फोन आला. मी खोली घेतली तेव्हाच तिनं माझा नंबर मागून घेतला होता.

"दादा, बाबांचा कॉम्प्युटर पुन्हा बिघडला का?"

"तेच समजत नाही ताई. मशीन ठणठणीत आहे. मी स्वतः तपासली. दिवसभर चालते."

"नक्की ठणठणीत आहे?"

"शंभर टक्के."

 "बरं," ती म्हणाली, "या दिवाळीच्या सुट्टीत मी येऊन राहिली." फोन ठेवला. माझ्या दुरुस्तीवर नाराज झाली असेल, असं मी धरून चाललो.

त्याच आठवड्यात क्लासची वीज गेली आणि मी लवकर घरी आलो. अंगणातून माझ्या खोलीकडे जाताना मधल्या खोलीची खिडकी लागते. आत दिवा होता, सात वाजून गेले होते. ताईचा आवाज येत होता. "बाबा? बाबा, आवाज येऊन राहिला का माझा?" मला वाटलं, सापडला चोर, आत्ता रंगेहाथ पकडतो. मी खिडकीशी जाऊन आत पाहिलं.

पडद्यावर ताई अगदी नीट दिसत होती. ती पुढे वाकली, केस मागे सारले, पुन्हा "बाबा?" म्हणाली. कॉम्प्युटर मजेत चालू होता. अटकले होते ते काकाजी. खुर्चीत ताठ बसलेले, तोंड बोलता बोलता उघडं राहिलेलं, उजवा हात काहीतरी दाखवताना वर गेलेला आणि तिथंच थांबलेला. पापणीही लवत नव्हती. बिथरलेल्या जनावराजवळ जन्मभर निश्चल उभा राहिलेला माणूस, त्याला हे काय जड. त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं.

ताई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अटकलं वाटते पुन्हा. उद्या बोलू बाबा," आणि पडद्यावरून गेली. काकाजींनी हात खाली घेतला. खांदा चोळला. वळले तर खिडकीत मी.

आधी मला रागच आला. इतके दिवस मी त्या डब्याची हाडं मोजत होतो. आत जाऊन मी काहीतरी लागट बोलणारच होतो, पण ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

"पाह्यलं ना," ते म्हणाले.

"काकाजी, हे कायले?"

"बोलता बोलता पुढचं जाते. आता तिले त्या कालवडीचं सांगून राह्यलो होतो, आन कोणाची कालवड तेच नाही. कालवड कायले म्हणतात तेही नाही. सारं कोरं." ते आपल्या हाताकडे बघत बोलत होते. "जुनं सारं आठवते. कोणत्या गावात कोणाची गाय कवा व्याली ते इचार. सकाळी काय जेवलो ते नको इचारू."

"कधीपासून?"

"झाले खूप दिवस. पह्यले हा बसे ना, त माझं लपून जाये. हा उठेपर्यंत मले आठवे. तू त्याले बरा केला."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या कामाची पोच दिल्यासारखं ते म्हणाले. बटण दाबलं त्या दिवशी ते माझ्यावर का रुसले होते, तेही मला तेव्हा उमगलं.  मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच वाकून कॅबिनेटची वायर सरळ केली.

"बिमार कोणी तरी असालेच लागते, मास्तर," ते म्हणाले. "मशीन बिमार असली त मी पवनीत राहतो. मी बिमार निघालो त ती घेऊन जाते. ताईले नको सांगजो."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दिवाळी येऊन ठेपली होती.

ताई आली ती मोठी बॅग घेऊन, आणि ती जवळजवळ रिकामी होती, त्यांचे कपडे भरून न्यायला आणल्यासारखी. ते पाहून काकाजींनी दिवाळीचा नवा सदरा घालणं सोडून दिलं.  तिनं मात्र घर आवरलं, डोळे तपासायच्या निमित्तानं त्यांना भंडाऱ्याला नेऊन आणलं, आल्यावर गोळ्यांच्या पट्ट्या कपाटात लावल्या. जेवताना काकाजी शेजाऱ्याच्या नावाशी अडले की ती चटकन उठून पाणी आणायला जाई. परत येईपर्यंत त्यांनी विषय बदललेला असे. त्या दोघांची ही कसरत मी दारातून पाहत होतो आणि माझाच जीव वरखाली होत होता.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी फाटकाशी कोणीतरी गायीचं दुखणं घेऊन आलं आणि काकाजी गेले. ताईनं मला हाक मारली.

"दादा, कॉम्प्युटर नवा घ्यावा का?"

मी तयारीत होतो. मदरबोर्ड म्हणालो, व्होल्टेज म्हणालो, आपल्या पवनीची लाईन म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कॅलेंडर हलते," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा अटकतात ना, तेव्हा मागचं कॅलेंडर हलत राहते. पहिल्याच दिवशी दिसलं मला. तुम्हाला फोन केला तो खात्री करायला."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. 

"मग तुम्ही फोन काहून कापता ताई?"

"नाही कापला त ते तसेच बसून राहतात. हात वर धरून. त्यांचा हात दुखते, दादा."

ती रडली नाही. पदरानं टेबलावरचा कोंडा पुसला, बोटानं पुन्हा पाहिला. "न्यायलाच आली होती मी," ती म्हणाली. "भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी राहतील तोवर बरं. तिकडं मी दिवसभर ऑफिसात. आणि घरी आल्यावर समोरासमोर बसायचं. तिथं विसरले त कुठं लपतील? जमेल तोवर राहू द्या इथंच. मी स्वयंपाकाला बाई लावली आहे. तुम्ही खोली सोडायच्या आधी मला सांगाल?"

मी सांगेन म्हणालो. त्या दुपारी ती बाजारात गेली आणि ऑटोत टाकून एक खुर्ची घेऊन आली. रुंद बसकटीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. कॉम्प्युटरसमोरची जुनी खुर्ची तिनं अंगणात काढून ठेवली. काकाजी आले, नव्या खुर्चीत बसून पाहिलं, कोपर टेकवून पाहिलं. "कायले आणली वं बाई?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "स्वस्तात भेटली."

बॅग रिकामीच परत गेली. नंतरही काकाजी सातला अटकत, पण आता हात खुर्चीच्या हातावर विसावलेला असे. आणि ताई फोन कापत नसे. तीही तिकडे काही न बोलता बसून राही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोन्हीकडची चित्रं अटकली आहेत. एकदा मी चहा द्यायला आत गेलो तेव्हा हेच चाललं होतं. बराच वेळ गेला. मग काकाजींचे ओठ हलले आणि जिथं सुटलं होतं तिथूनच ते बोलू लागले, "...त ती कालवड, टेकडीखालल्या म्हाताऱ्याची, उभी झाली सकाळी."

ताई पुढे सरकली. "हो बाबा," ती म्हणाली, "आता आला तुमचा आवाज."